चिमणरावांपासून नाणेघाटापर्यंत

(एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रण देण्यासाठी या वाचनालयाचे कार्यवाह माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी विषय सांगितला, 'कोणती पुस्तके वाचावीत?' मी त्यांना म्हटले, हा विषय एखाद्या प्राध्यापकांना द्या. मी कला शाखेचा एक साधा पदवीधर. तीस वर्षे वृत्तपत्रात बातम्या लिहिण्यात आणि इतरांच्या बातम्या दुरुस्त करण्यात गेली. त्यावर ते हसून म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला बोलावतो आहोत. विद्वानांनी सांगितलेली यादी आमच्या सूचनाफलकावर गेली चार वर्षे लावलेली आहे. तिच्यातले एकही पुस्तक कपाटातून बाहेर पडलेले नाही."

तेव्हा आज मी ती यादी पुन्हा वाचून दाखवणार नाही. अशा व्याख्यानांची सुरुवात सामान्यतः ज्ञानेश्वरी, दासबोध आणि थोर पुरुषांची चरित्रे यांनी होते. श्रोते आदराने माना डोलावतात, घरी जातात आणि दूरदर्शन संच सुरू करतात. त्या ग्रंथांची थोरवी सांगण्यास मी अपुरा आहे आणि ती तुम्हाला ठाऊकही आहे. मी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करतो. ज्या पुस्तकाने रात्री जेवणासाठी आईला तीन वेळा हाक मारावी लागते, त्या पुस्तकापासून.

आमच्या लहानपणी हलके वाचन हा घरात अपराध मानला जाई. बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा पाठ्यपुस्तकात लपवून वाचल्याबद्दल मी वडिलांच्या हातचा मार खाल्लेला आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांना वाचायला शिकवले, हे मान्य करायला आपल्या समीक्षकांना फार वर्षे लागली. झुंजार आणि काळा पहाड यांच्यामागे धावता धावता आमची वाचनाची गती वाढली, हे काय थोडे झाले? त्यानंतर नारायण धारपांच्या भयकथा आल्या. त्या वाचून रात्री माजघरातून परसात जाण्याची हिंमत होत नसे. सुहास शिरवळकर महाविद्यालयात भेटले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे मात्र त्या सर्वांच्या आधीचा. आजही एखाद्या आजोबांनी नातवाला कोणते पुस्तक द्यावे असे मला विचारले, तर मी डोळे मिटून फास्टर फेणे सांगतो. भागवतांनीच मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्याच्या पाठोपाठ द्याव्यात. मुलाने त्या दोनदा वाचल्या, तर त्याला रागावू नये. दुसऱ्यांदा वाचणारे मूल वाचक होण्याच्या वाटेवर आहे, असे समजावे.

आता या हलक्या वाचनातल्या एका माणसापाशी मला थोडे थांबायचे आहे. चिं. वि. जोशी. चिमणराव आणि गुंड्याभाऊ आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांनी पुस्तक वाचले नाही, त्यांनीही दूरदर्शनवरील मालिकेमुळे ही नावे ऐकलेली आहेत. मध्यमवर्गीय माणसाची भित्री बढाई, मुलीचे लग्न, भाड्याचे घर, सासरची माणसे या सामग्रीतून चिं. विं.नी जो निर्मळ विनोद उभा केला, त्यात कोणाला दुखावल्याचा ओरखडा सापडत नाही. परंतु चिमणरावांना निर्माण करणारा हा गृहस्थ पोटासाठी काय करत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ते बडोद्याला पाली भाषेचे अध्यापक होते. पालीचे व्याकरण शिकवणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढे अनेक वर्षे अभ्यासकांच्या हाती राहिले. जातककथांतील निवडक गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या. बडोदे संस्थानचे दप्तर त्यांनी सांभाळले. दिवसा दोन सहस्र वर्षांपूर्वीची भाषा शिकवणारा माणूस लिहायला बसला, की गुंड्याभाऊंना बोलते करी.

मला हे कळले तेव्हा माझ्या मनातील एक भिंत पडली. हलके वाचन आणि गंभीर वाचन यांच्यामध्ये आपण जो पडदा लावून ठेवतो, तो ग्रंथपालांच्या सोयीसाठी ठीक आहे. खुद्द लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो नव्हता. चिमणराव वाचून हसलेल्या वाचकाने त्याच लेखकाची जातके हाती घ्यावीत. तेथेही बढाईखोर, लोभी, भोळी माणसे भेटतील. फक्त ती चाळीऐवजी वाराणसीत राहतात.

आता यानंतरच्या टप्प्याकडे येतो. येथे मला थोडे कटू बोलायचे आहे आणि त्याची सुरुवात स्वतःपासून करायची आहे.

महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत सर्वाधिक वाचला जाणारा प्रकार म्हणजे ऐतिहासिक कादंबरी. हरि नारायण आपट्यांपासून नाथमाधवांपर्यंत, पुढे रणजित देसाईंची १९६२ सालची 'स्वामी', ना. सं. इनामदारांची 'राऊ', विश्वास पाटलांची १९८८ सालची 'पानिपत', ही परंपरा मोठी आहे. तिने आपल्या मनात पूर्वजांविषयीचे प्रेम जागते ठेवले. मीही या कादंबऱ्यांवरच वाढलो. आणि म्हणूनच मी एकदा सणसणीत चूक केली.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. शिवजयंतीच्या पुरवणीसाठी मी एक लेख लिहिला. त्याच्या शेवटी महाराजांच्या तोंडचे म्हणून एक तेजस्वी वाक्य घातले. लेख गाजला. चौथ्या दिवशी एक पोस्टकार्ड आले. अक्षर सुवाच्य, वळणदार. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिले होते, की आपण दिलेले वाक्य कोणत्या पत्रात आहे? माझ्याजवळचे सर्व खंड पाहिले, सापडले नाही. माझे वय झाले आहे, शोधण्यास फार दिवस उरलेले नाहीत. कृपया पृष्ठांक कळवावा.

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच पृष्ठांक हवा होता. मी आठ दिवस ग्रंथालयात बसलो. अखेर वाक्य सापडले ते माझ्याच घरातल्या एका कादंबरीत. कादंबरीकाराचा त्यात काडीचाही दोष नव्हता. त्याने प्रसंग रचला, पात्राला संवाद दिला, त्याचे ते कामच आहे. तो संवाद उचलून इतिहास म्हणून छापणारा मी होतो. मी त्या गुरुजींना पत्र लिहून चूक कबूल केली. वृत्तपत्रात खुलासा छापण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही.

पुढे अनेक वर्षांनी एका गावी शिवजयंतीच्या कार्यक्रमात श्रोत्यांमध्ये बसलो होतो. वक्ते तरुण होते, तळमळीचे होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी तेच वाक्य म्हटले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी बसलेल्या एका आजींनी डोळे पुसले. मी खाली मान घालून बसून राहिलो. वक्त्यांना ते वाक्य कोठून मिळाले, हे मला नक्की सांगता येणार नाही. कदाचित कादंबरीतून, कदाचित माझ्या लेखातून. आता तर तेच वाक्य मुलांच्या भ्रमणध्वनीवर महाराजांच्या चित्रासह फिरत असते. माझ्या मुलीनेच मला ते पाठवले आणि खाली विचारले, "बाबा, हे खरे आहे का?" उत्तर द्यायला मला संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला.

आपण ज्यांना आराध्य मानतो, त्यांच्या तोंडी आपल्या मनातील वाक्ये घालणे हा एक प्रकारचा अनादर आहे, असे मला तेव्हापासून वाटते. विशेषतः जे कार्यकर्ते व्यासपीठावरून बोलतात, वर्ग घेतात, बौद्धिके देतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कादंबरी अवश्य वाचा. पण एक कादंबरी वाचून झाली, की त्याच विषयाचे एक मूळ साधन वाचा. एकास एक, एवढाच हिशेब.

आणि मूळ साधन म्हणजे काहीतरी बोजड, ही भीती मनातून काढून टाका. सभासदाची बखर हे लहानसे पुस्तक आहे. दोन संध्याकाळी पुरतील. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. महाराजांच्या निधनानंतर, स्वराज्यावर मोगलांचे संकट असताना, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने जिंजीच्या मुक्कामी १६९७ च्या सुमारास ही बखर लिहिली. सनावळीत तो चुकतो, आकडे फुगवतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. तेही टीपांत वाचावे. परंतु गडाचा कारभार कसा चाले, एकाच्या हाती सर्व सत्ता जाऊ नये म्हणून काय व्यवस्था होती, सैन्य पावसाळ्यात कोठे राही, मोहिमेवरून आल्यावर हिशेब कसा घेतला जाई, हे तो अशा सहजतेने सांगतो, की कादंबरीतील तलवारींचा खणखणाट फिका वाटावा.

महाराजांची पत्रेही वाचा. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र आहे. त्यातील भाजीच्या देठाचा उल्लेख आपण भाषणात नेहमी करतो. पण सबंध पत्र वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर वैरण कशी पुरवून वापरायची, ती आधीच संपली तर घोडी कशी मरतील आणि मग शिपाई गावकऱ्यांना कसे छळू लागतील, हे सर्व क्रमाने सांगितले आहे. एक तपशील तर मी विसरूच शकत नाही. रात्री दिवा जळता ठेवून झोपलात, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि पागा जळून जाईल, अशी ताकीद त्या पत्रात आहे. राज्य उभारणारा राजा उंदराने ओढलेल्या वातीपर्यंत विचार करतो! माझ्या त्या रचलेल्या तेजस्वी वाक्याची या उंदरासमोर काय किंमत?

पानिपताविषयीही हेच. 'पानिपत' कादंबरी तुम्ही वाचली असेल. त्यानंतर त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे पानिपतावरील पुस्तक वाचा. ते आधी १९४६ साली इंग्रजीत आले, पुढे मराठीतही उपलब्ध झाले. शेजवलकर कोणाची भीडभाड ठेवत नाहीत. काही ठिकाणी त्यांचा राग येईल. तसा तो येऊ द्यावा. आणि ज्याला त्याही पलीकडे जायचे असेल, त्याने इतिहासाचार्य राजवाड्यांचा १८९८ साली निघालेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निदान चाळावा. त्याची प्रस्तावना हाच एक स्वतंत्र ग्रंथ आहे. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरील वाळवी लागलेली दप्तरे सोडवून आणणाऱ्या या माणसाच्या श्रमावर आपला सगळा अभिमान उभा आहे. (आपल्या घराच्या माळ्यावर जुने कागद असतील, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला जरूर दाखवा, हे जाता जाता सांगतो.)

ज्यांना बखर आणि खंड नकोसे वाटतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे एक हुकमी पुस्तक आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याचे ऐकून दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल होते १८५७. पुढे काय झाले असेल, याची कल्पना करा. यज्ञ राहिला बाजूला आणि गोडसे भटजी थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम त्यांनी जवळून पाहिला. इंग्रज शहरात शिरल्यावर झालेली कत्तल त्यांनी घरात लपून अनुभवली. कमावलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. तरीही गंगेची कावड खांद्यावर घेऊन हा माणूस आईवडिलांसाठी घरी परतला.

हे त्यांनी वृद्धपणी भारताचार्य चिं. वि. वैद्यांच्या आग्रहावरून लिहिले. वैद्यांनी ते १९०७ साली छापले, पण बराच हात फिरवून. पुढे १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितानुसार ते प्रसिद्ध केले. आवृत्ती घेताना एवढे पाहून घ्या. त्यात वीररस शोधू नका. भटजी घाबरतात, भुकेने रडतात, कोणी जेवू घातले तर पदार्थांची नावे लक्षात ठेवतात. म्हणूनच त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो. हे पुस्तक घरात मोठ्याने वाचावे. आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर रोज पाच-सहा पाने असे करून आम्ही ते संपवले. तेवढा वेळ सर्वांचे भ्रमणध्वनी देवघराजवळच्या टोपलीत असत. माझाही असे आणि सर्वांत जास्त चुळबुळ माझीच होई.

महाभारतावरील आधुनिक लेखनात इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' ही दोन पुस्तके सांगतो. 'युगान्त' वाचताना आपल्यातील अनेकांना पानोपानी भांडावेसे वाटेल. मलाही वाटले. पण भांडण करण्यासाठी मूळ महाभारत उघडावे लागले, हा त्या पुस्तकाचा माझ्यावरील उपकार आहे.

आता शेवटची पायरी, प्राचीन इतिहास. येथे बहुतेक वाचक थबकतात. घराण्यांची नावे, सनावळ्या, नाणी, कोरीव लेख यांत सामान्य माणसाला रस कसा वाटावा? माझे उत्तर असे, की आरंभ राजांपासून करूच नका. आरंभ इनामगावपासून करा.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्या कामातील नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. सातू पिकवणारी, गुरे राखणारी माणसे. मूल दगावले, तर दोन मातीच्या रांजणांत तोंडाला तोंड लावून त्याला घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. गेलेल्याने परत येऊ नये म्हणून असेल, किंवा दूर जाऊ नये म्हणून असेल. शेवटच्या काळात पर्जन्यमान घटले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी होऊन गुरे आणि शिकार यांवर भिस्त वाढली आणि अखेर वस्ती उठली. तीन हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्रातला दुष्काळ! डॉ. म. के. ढवळीकरांचे 'महाराष्ट्राची कुळकथा' हे पुस्तक ही कथा आपल्याला समजेल अशा मराठीत सांगते. सिंधू संस्कृतीवरही त्यांनी मराठीत लिहिले आहे. आयुष्यभर मातीत काम केलेला माणूस जेव्हा सोपे लिहितो, तेव्हा त्याचा लाभ घ्यावा. त्यांचे काही निष्कर्ष इतर विद्वानांना मान्य नाहीत. तेही वाचावे, मात्र ढवळीकर वाचल्यानंतर.

त्यानंतर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. विदर्भात बसून या माणसाने सातवाहन, वाकाटक, शिलाहार यांचे कोरीव लेख मराठी वाचकासाठी उलगडून ठेवले. सातवाहनांवरील त्यांच्या ग्रंथातील नाणेघाटाच्या लेखाचे प्रकरण वाचा आणि मग जुन्नरमार्गे नाणेघाटात जा. घाटमाथ्यावरील लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा यांची ती यादी आहे. गायी किती, घोडे किती, कार्षापणे किती, सारे अंकांत कोरलेले. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. वर नावे कोरलेली आहेत आणि खाली उरली आहेत ती केवळ मोडलेली पावले. मी प्रथम तेथे गेलो तेव्हा काहीही न वाचता गेलो होतो. दगडी रांजणाजवळ छायाचित्र काढून परतलो. दुसऱ्यांदा मिराशी वाचून गेलो आणि त्या पावलांसमोरून मला लवकर हलता आले नाही.

त्याच सातवाहन काळाशी जोडलेली, हाल राजाच्या नावावरील 'गाथासप्तशती' स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत सिद्ध केली. नांगरणारा शेतकरी, गोदेचा काठ, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी गृहिणी असे साधे जीवन त्यात आहे. शृंगारही भरपूर आहे. तेव्हा ती आधी स्वतः वाचावी, मग मुलांचे वय पाहून ठरवावे.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. कार्यवाहांना मी येताना विचारले होते, सभासदाची बखर आपल्या वाचनालयात आहे का? ते म्हणाले, "होती, दहा वर्षांपूर्वी कोणीतरी नेली ती परत आली नाही." म्हणून तिच्या दोन प्रती आणि गोडसे भटजींची एक प्रत मी सोबत आणली आहे. ग्रंथपालांकडे देतो. नोंद होऊन सोमवारी संध्याकाळपासून त्या मिळू शकतील.